‘आरडाओरडा काऊन नाही केला?’ : आघात समजून घेण्याचं प्रशिक्षण म्हणजे काय

मार्च १९७२. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आज गडचिरोलीत आहे. सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवून दोघांना दोषी ठरवलं. भीतीपोटी हतबल होऊन अंग सोडून देणं ही संमती होत नाही, असं खंडपीठाचं म्हणणं होतं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा उलटवलं. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, ओरडल्याचं पटत नाही, म्हणून आरोपी निर्दोष. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर महिला संघटना उभ्या राहिल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. कायद्याच्या पुस्तकांत हे प्रकरण त्या मुलीच्या नावानेच ओळखलं जातं. मी ते इथे मुद्दाम लिहीत नाही.

नागपूरच्या न्यायमूर्तींना जे माणुसकीच्या समजुतीतून दिसलं होतं, ते विज्ञानाने मोजून दाखवायला पुढे कित्येक वर्षं लागली. आज ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड’, म्हणजे आघाताची जाण ठेवून वागण्याचं, या नावाने पोलीस, डॉक्टर, वकील, शिक्षक, कंपन्यांमधल्या समित्या यांना जे प्रशिक्षण दिलं जातं, त्याचा पाया हाच आहे. लैंगिक अत्याचारानंतर माणूस जसा वागतो, त्यातलं बरंचसं वागणं बाहेरून बघणाऱ्याला खोटेपणासारखं दिसतं. ते तसं का दिसतं हे कळलं नाही, तर चांगल्या मनाचा हवालदारसुद्धा चुकीचाच प्रश्न विचारतो.

समजा, नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत काम करणारी, मनीषनगरला भाड्याने राहणारी एक मुलगी आहे. ऑफिसातला ओळखीचा माणूस रात्री घरी सोडतो म्हणाला, ती गाडीत बसली. वाटेत त्याने गाडी आडबाजूला घेतली. ती ओरडली नाही, दार उघडून पळाली नाही. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली, त्याने मेसेज केला तर तिने नेहमीसारखं उत्तरही दिलं. चौथ्या दिवशी मोठ्या बहिणीजवळ रडली. बहीण तिला घेऊन ठाण्यात गेली, आणि तिथे पहिला प्रश्न आला: ‘मग आरडाओरडा काऊन नाही केला?’

(ओळखीचा माणूस हे उदाहरण सोयीसाठी घेतलेलं नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत दरवर्षी बलात्काराच्या ९० टक्क्यांहून जास्त गुन्ह्यांत आरोपी ओळखीचाच असतो. काळोख्या रस्त्यावरचा अनोळखी गुंड आपल्या डोक्यात घट्ट बसलाय, म्हणून ओळखीच्याने केलं की आपल्याला ते आधी खरं वाटत नाही.)

संकट आलं की माणूस लढतो किंवा पळतो, असं आपण शाळेपासून ऐकतो. तिसरीही एक गोष्ट होते, आणि ती फार वेळा होते. शरीर थिजतं. हात उचलत नाही, आवाज फुटत नाही, काहींना तर आपण छतावरून स्वतःकडे बघतोय असं वाटतं. ही निवड नसते. धोका ओळखणारा मेंदूचा भाग, ज्याला अमिग्डाला म्हणतात, तो ताबा घेतो. विचार करून ठरवणारा कपाळामागचा भाग तेवढ्यापुरता मागे पडतो. स्टॉकहोममध्ये बलात्कारपीडितांसाठी चालणाऱ्या तातडीच्या दवाखान्यात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७० टक्के स्त्रियांनी असं लक्षणीय थिजणं अनुभवलं होतं, ४८ टक्क्यांनी अतितीव्र. ज्या थिजल्या होत्या त्यांना पुढे मानसिक आघाताचा विकार आणि नैराश्य होण्याची शक्यताही जास्त आढळली. अंगावर एकही ओरखडा नसलेली बाई आतून जास्त जखमी असू शकते, हे आपल्या ठाण्यांतल्या नेहमीच्या हिशेबाच्या अगदी उलट आहे.

दुसऱ्या दिवशीचा तो नेहमीसारखा मेसेज? समोरच्याला चिडवायचं नाही, काही झालंच नाही असं वागायचं, हा जीव वाचवण्याचाच एक प्रकार असतो. ज्याच्यासोबत रोज एकाच मजल्यावर बसायचंय, त्याच्याशी तर विशेषच.

आता आठवणीचं. आठवण म्हणजे सीसीटीव्हीचं चित्रीकरण नव्हे, की मागे नेलं आणि क्रमाने बघितलं. तीव्र भीतीत मेंदू मधलेच काही तुकडे खोल कोरून ठेवतो: एखादा वास, शर्टाचं बटण, कानाशी आलेला एखादा शब्द. घटनांचा क्रम, वेळ, आजूबाजूचा तपशील कच्चा राहतो. म्हणून पहिल्या जबाबात एक आणि आठ दिवसांनी दुसरं, असं होऊ शकतं. १९९६ मध्ये गुरमीत सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलंय, की किरकोळ विसंगतींवरून पीडितेची साक्ष फेकून देऊ नका.

प्रशिक्षणातला सगळ्यात कामाचा भाग इथे सुरू होतो, आणि तो भाषणाने शिकवता येत नाही. खुर्च्या समोरासमोर ठेवून, एकाने जबाब घ्यायचा, दुसऱ्याने द्यायचा, तिसऱ्याने बघायचं, असं करूनच तो जमतो. ‘तू त्याच्या गाडीत बसलीच का?’ या प्रश्नात दोष आधीच तिच्या पदरात टाकलेला आहे. त्याऐवजी, ‘जे आठवतं ते सांगा, जिथून सुरू करावंसं वाटेल तिथून.’ ‘ओरडली का नाही?’ ऐवजी, ‘त्या वेळी तुमच्या अंगाला काय होत होतं? काय करता आलं, काय नाही?’ ‘नेमके किती वाजले होते?’ याचं उत्तर तिला बहुतेक येणार नाही, आणि दडपणाखाली तिने अंदाजाने ठोकून दिलेली वेळ पुढे उलटतपासणीत तिच्याच गळ्यात पडते. त्यापेक्षा, ‘तेव्हा काय ऐकू येत होतं?’ असं विचारलं आणि ती म्हणाली, ‘वरून मेट्रो गेल्याचा आवाज आला’, तर तपास अधिकाऱ्याच्या हाती वर्धा रोड आला, मेट्रोचं वेळापत्रक आलं, तिथले कॅमेरे आले. मऊपणाने विचारलेल्या प्रश्नातून कडक पुरावा निघतो. साक्षीदाराला मोकळेपणाने बोलू देण्याची ही पद्धत रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गायझेलमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ च्या सुमारास मांडली होती, आणि ती कुठल्याही गुन्ह्याच्या साक्षीदाराला चालते.

बोलताना मध्ये थांबवायचं नाही. शांतता झाली तर ती भरून काढायची घाई करायची नाही. तीच हकिगत ठाणे अंमलदार, मग लेडी पीएसआय, मग साहेब, मग डॉक्टर, अशी चार जणांना सांगायला लावायची नाही. आणि जबाब सुरू करण्याआधी सांगायचं: किती वेळ लागेल, कोण खोलीत असेल, कधीही थांबता येईल, पाणी इथे आहे. यात विशेष असं काय, असं वाटेल. पण अत्याचारात तिच्याकडून एकच गोष्ट हिसकावून घेतलेली असते, आपल्या शरीराचं काय व्हावं हे ठरवण्याचा हक्क. त्यानंतर ठाणं, दवाखाना, कोर्ट यांनी तिला न विचारता इकडून तिकडे हलवलं, तर तेच पुन्हा घडतं, फक्त आता सरकारी शिक्क्यासह. अमेरिकेतल्या साम्सा या सरकारी संस्थेने २०१४ मध्ये या कामाची जी चौकट मांडली, तिच्यात आघात ओळखणं आणि त्याला प्रतिसाद देणं याच्याच बरोबरीने ‘आपल्या हातून पुन्हा आघात होऊ न देणं’ हे कलम आहे. मला विचाराल तर बाकी सगळं या एका कलमाच्या पोटात मावतं.

कायदा या बाबतीत ठाण्यांच्या बराच पुढे गेलाय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार बलात्कारपीडितेचा जबाब तिच्या घरी किंवा ती सांगेल त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, घरच्या माणसाच्या किंवा समाजसेविकेच्या उपस्थितीत घ्यायचा असतो. तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते. ‘हे आमच्या हद्दीत नाही, सोनेगावला जा’ हे उत्तर चालत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये स्पष्ट लिहिलंय, की शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्याच कारणाने संमती होती असं मानता येणार नाही. १९७८ च्या निकालाला दिलेलं हे उत्तरच आहे. अठरा वर्षांखालच्यांसाठीच्या पॉक्सो कायद्यात तर जबाब घेणाऱ्या पोलिसाने गणवेश घालू नये, मुलाला रात्री ठाण्यात ठेवू नये, कोर्टात आक्रमक प्रश्न विचारू देऊ नयेत, इथपर्यंत तपशील आहे.

पण कायदा पाठ असणं वेगळं आणि अंगवळणी पडणं वेगळं. याच नागपूर खंडपीठातून जानेवारी २०२१ मध्ये, कपड्यांवरून केलेला स्पर्श पॉक्सोखालचा लैंगिक हल्ला ठरत नाही, असा निकाल आला. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो रद्द केला. त्वचेला त्वचा लागली की नाही, याची मोजदाद करताना त्या पोरीला काय वाटलं असेल हा प्रश्नच बाजूला पडला होता. २०२१ च्याच मार्चमध्ये अपर्णा भट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीश आणि वकिलांनाही अशा संवेदनशीलतेचं प्रशिक्षण द्या असं सांगितलं. ते प्रकरण आरोपीला पीडितेकडून राखी बांधून घेण्याच्या अटीवर जामीन देण्याचं होतं!

ऐकून न घेण्याची किंमत नागपूरला वेगळी सांगायला नको. ऑगस्ट २००४ मध्ये कस्तुरबानगर वस्तीतल्या बायकांच्या जमावाने बायकांवर अत्याचार केल्याचे आरोप असलेल्या एका गुंडाला जिल्हा न्यायालयाच्या आवारातच ठार मारलं. त्याची चर्चा बहुतेक वेळा जमावाच्या न्यायावर होते. वर्षानुवर्षं तक्रार घेऊन गेलेल्या बायकांना परत पाठवलं जात होतं, असं ती वस्ती सांगत आली, त्यावर मात्र कमी बोललं जातं.

दवाखान्याकडे वळू. इथे विदर्भाचं स्वतःचं मोठं काम आहे आणि ते आपल्यालाच फारसं ठाऊक नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी लैंगिक अत्याचाराच्या वैद्यकीय तपासण्या किती वाईट होतात याचा सविस्तर अहवाल तयार केला. त्या आधारे २०१० मध्ये नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली. तपासणीचे छापील नमुने कसे असावेत, डॉक्टरने काय लिहावं, काय लिहू नये, हा विषय त्यातून राज्यभर ऐरणीवर आला. २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या. योनीत बोटं घालून संबंधांची सवय आहे का ते ठरवणारी ‘दोन बोटांची चाचणी’ त्यांनी बाद केली, आणि ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये बजावलं. ‘संबंधांची सवय आहे’ असा शेरा लिहिण्याची जी रीत होती, तिला वैद्यकीय आधार कधीच नव्हता.

नागपूरच्या मेडिकल, मेयो किंवा डागा या सरकारी रुग्णालयांत पीडित व्यक्ती आली तर प्रशिक्षित डॉक्टर काय वेगळं करतो? एमएलसीचा, म्हणजे पोलीस प्रकरणाच्या वैद्यकीय नोंदीचा, कागद ओढण्याआधी उपचार सुरू करतो. तपासणीच्या प्रत्येक टप्प्याला वेगळी परवानगी विचारतो. ‘आता मी इथला नमुना घेणार आहे, चालेल का?’ नाही म्हटलं तर तेवढा भाग सोडून देतो, नकार नोंदवतो, आणि बाकी उपचार तसेच चालू ठेवतो. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी बरी, सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. गर्भधारणा टाळणारी गोळीही ७२ तासांत सर्वांत उपयोगी, पाच दिवसांपर्यंत देता येते. सरकारी असो की रामदासपेठेतला खासगी, कुठल्याही दवाखान्याने पहिले उपचार मोफत आणि लगेच करायचे असतात. नाकारले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे खासगी दवाखान्यांच्या स्वागतकक्षातल्या पोराला माहीत नसतं. दारात पहिली गाठ त्याचीच पडते, म्हणून प्रशिक्षणाला तोही हवा, वॉर्डबॉय हवा, ठाण्यातला पहारेकरीही हवा. आपल्याकडे अशा कार्यशाळांना साहेब लोक बसतात आणि प्रमाणपत्र घेऊन जातात.

एक अडचण मात्र प्रशिक्षण सोडवू शकत नाही. सगळा भर तिच्या निर्णयावर, पण दवाखान्याला पोलिसांना कळवावंच लागतं. मोठी बाई फिर्याद द्यायला नकार देऊ शकते, तो नकारही लिहून ठेवायचा असतो. मूल अठराच्या आतलं असेल तर ज्याला कळलं त्याला कळवणं सक्तीचं आहे, मग ती शाळेतली बाई असो की डॉक्टर. अशा वेळी एकच प्रामाणिक मार्ग उरतो: ती बोलायला लागण्याआधीच सांगायचं, ‘तू सांगशील त्यातलं काही मला पुढे कळवावं लागेल, का आणि कोणाला ते मी तुला सांगते.’ ‘कोणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊन मग मोडायचं, यासारखा घात नाही.

आता प्रतिबंधाचं. अत्याचार झाल्यावरच्या जाणिवेचा तो टाळण्याशी काय संबंध, असं कुणी विचारेल. पहिला संबंध सरळ आहे: लोक ऐकून घेतात हे दिसलं की पहिल्या छोट्या आगळिकीलाच कुणीतरी बोलतं. बुटीबोरीतल्या कारखान्यात अश्लील विनोद, मग मुद्दाम अंगाला लागून जाणं, मग रात्रपाळीत एकटीला गाठणं, ही चढण एका दिवसाची नसते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती आणि नियमित कार्यशाळा बंधनकारक केल्या. घरकाम करणाऱ्या ताईंपासून लहान दुकानातल्या मुलींपर्यंत बाकीच्यांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. प्रत्यक्षात या कार्यशाळा म्हणजे वर्षातून एकदा दोन तास पडद्यावर कलमं वाचणं. त्याने माहिती वाढते, वागणूक फारशी बदलत नाही. बघणाऱ्याने काय करायचं याचा सराव जास्त उपयोगी पडतो: मध्येच दुसराच विषय काढून त्या दोघांत शिरणं, सुपरवायझरला बोलावणं, तारीखवार टिपून ठेवणं, नंतर तिला ‘मी बघितलं, तुला काय हवंय?’ असं विचारणं. शूरपणा लागतच नाही असं नाही, पण ‘चल, चहाला येतेस का?’ एवढ्यानेही प्रसंग मोडतो.

दुसरी गोष्ट प्रशिक्षण देणारेच विसरतात. समोर बसलेल्या तीस जणांत ज्यांनी हे स्वतः भोगलंय असे लोक असतातच, बायकाही आणि पुरुषही. म्हणून विषय आधी सांगायचा, दार उघडं ठेवायचं, उठून जाणाऱ्याला थांबवायचं नाही, आणि ‘तुमचा अनुभव सांगा’ असा आग्रह कधीच करायचा नाही. अंगावर काटा आणणाऱ्या चित्रफिती दाखवून लोकांना हलवून सोडायचं, हे जागृतीच्या नावाखालचं क्रौर्य आहे.

आणि एक इशारा. आघाताचं शास्त्र शिकलेले काही उत्साही लोक दुसऱ्या टोकाला जातात: विसंगती दिसली म्हणजे आघात झालाच, थिजली म्हणजे गुन्हा सिद्ध. असं काही हे शास्त्र सांगत नाही. ते एवढंच सांगतं, की न ओरडणं, उशिरा सांगणं, क्रम चुकणं यावरून खोटं ठरवू नका. खरं काय ते पुराव्यानेच ठरायचं, आणि आरोपीला बचावाचा हक्क आहेच. नीट जबाब घेण्याने निर्दोष माणसाचंही भलं होतं, कारण सूचक प्रश्नांनी साक्षीदाराच्या तोंडी आयते तपशील जात नाहीत.

मुलगे आणि पुरुष या विषयातून सहज गळतात. पॉक्सो मुलगा-मुलगी भेद करत नाही, पण नव्या न्याय संहितेतून जुनं ३७७ कलम (‘अनैसर्गिक’ संभोगाचं) गेल्यावर प्रौढ पुरुषावरच्या बलात्कारासाठी वेगळं कलमच उरलेलं नाही. त्याला ठाण्यात हसण्यावारी नेलं जातं. उपचाराच्या २०१४ च्या सूचनांत मात्र तृतीयपंथी आणि अपंग व्यक्तींशी कसं वागावं हेही लिहिलेलं आहे.

तुमच्या घरात कुणी सांगितलं तर? ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही’ याने सुरुवात करा आणि मग गप्प राहून ऐका. ‘बाबांना कळलं तर’ आणि ‘लग्नाचं काय’ ही वाक्यं त्या रात्री नकोत. त्या वेळचे कपडे धुवू नका, प्लास्टिकच्या नव्हे तर कागदी पिशवीत ठेवा. आंघोळ झाली असली, दिवस उलटले असले तरी दवाखान्यात जाण्यात अर्थ आहे. तातडीला ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, मन फारच खचलं तर टेलिमानसचा १४४१६. नागपूर पोलिसांचा भरोसा सेल आणि ‘सखी’ वन स्टॉप सेंटर इथे समुपदेशक भेटतात. पीडितांसाठीच्या राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेतली मदत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळते, आणि त्यासाठी खटल्याचा निकाल लागण्याची वाट बघावी लागत नाही. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र तिचं नाव, फोटो, शाळा, गल्ली यातलं काहीही जाऊ देऊ नका. ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, आणि ‘न्याय मिळावा म्हणून फॉरवर्ड केलं’ ही त्यातून सुटण्याची वाट नाही.